खाऱ्या वाऱ्यातली वांगी

धरमतरच्या खाडीकाठी वसंत ऋतू पंचांग विचारून येत नाही. भात झोडून झाले, पेंढ्याची गंजी रचून झाली, की खारेपाटातला छोटा शेतकरी मोकळा होतो, आणि मोकळा माणूस घरात दिसला की त्याला परसात पाठवण्याची या भागात पद्धत आहे. तेव्हापासून मृगाच्या पहिल्या सरीपर्यंतचा काळ हा इथला बागकामाचा हंगाम. शास्त्राप्रमाणे त्यात हेमंत, शिशिर, वसंत आणि निम्मा ग्रीष्म येतो. परंतु हेमंतात फक्त चर्चा होते, शिशिरात कुंपण होते आणि डोळ्यांत भरेल असे हिरवे काही दिसते ते फाल्गुन-चैत्रातच. म्हणून सगळ्या हंगामाला वसंत म्हटलेले बरे.

अंबा नदी सह्याद्रीवरून उतरून पाली, नागोठणे करीत येते आणि शेवटच्या टप्प्यात तिची धरमतर खाडी होते. खाडीच्या पूर्वेला पेण, पश्चिमेला अलिबाग, आणि दक्षिणेला डोंगर लागले की रोहा. काठची ही जमीन, म्हणजे खारेपाट, मुळात खाडीचीच. पिढ्यान्‌पिढ्या चिखलाचे बांध घालून ती समुद्राकडून काढून घेतली आहे आणि समुद्राला हा व्यवहार अजून मान्य नाही. बांधात जागोजाग उघाड्या असतात. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघाडीची झडप उघडते व पावसाचे पाणी बाहेर जाते. भरतीला बाहेरच्या पाण्याने ती आपोआप मिटते. यंत्रणा इतकी साधी, की ती बिघडवायला एक खेकडा पुरतो. चिंबोरी बांधात बीळ करते, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात त्या बिळाची खांड होते आणि रातोरात शेते खारी होतात. खारेपाटातला माणूस चिंबोरीचे कालवण मिटक्या मारीत खातो त्यात चवीबरोबर थोडा सूडही असतो.

खांड वेळेवर बुजली नाही तर त्या शेतात खारफुटी उगवते. तिला बी लागत नाही, खत लागत नाही, राखण लागत नाही, आणि पाणी दिवसातून दोनदा घरपोच मिळते. २००५ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने कांदळवन तोडायला बंदी आहे. त्यामुळे सातबाऱ्यावर भात आणि प्रत्यक्षात जंगल अशी शेते पेण-अलिबागेत पुष्कळ आहेत. बांध टिकायला ही झाडे मोलाची आहेत हे शेतकऱ्यालाही कळते; फक्त ती बांधाच्या पलीकडे उगवावीत एवढेच त्याचे म्हणणे. हवे ते आत येत नाही आणि नको ते बाहेर राहत नाही, ही खारेपाटाच्या शेतीची मुख्य अडचण. परसबागेत तीच अडचण गुंठ्यांच्या मापाने पुन्हा भेटते.

घर थोड्या उंचवट्यावर, भराव घालून बांधलेले असते. पुढे अंगण आणि तुळस, मागे न्हाणी आणि न्हाणीमागे परस. चाळीस गुंठ्यांचा एकर होतो हे सगळ्यांना पाठ असते, पण चाळीस गुंठे सलग असलेला माणूस इथे जमीनदारात मोजला जाईल. पाच-सात गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर दहा-अकरा नावे असणे ही सर्वसाधारण स्थिती. त्यांतली काही ठाण्याला, काही डोंबिवलीला, एक-दोन स्वर्गात. कुदळ धरायला हजर असतात ती दोन. बाकीच्यांचा हक्क बाराही महिने शाबूत असतो, पण तो जागा होतो आंब्याच्या दिवसांत.

रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ज्या लंडनला सदानकदा पाऊस असल्याची ख्याती आहे, त्याच्या वाट्याला सहाशेच्या आसपास येतो. तरीही लंडनच्या मागील दारी हिरवळ असते आणि धरमतरला होळीपासून बागेसाठी पाणी नसते. कारण उघड आहे. इथला पाऊस चार महिन्यांत सगळा हिशेब चुकता करतो आणि खाडीमार्गे निघून जातो. पेण तालुक्यातच हेटवणे धरण आहे. त्याचे पाणी नवी मुंबईच्या बाजूला जाते. खारेपाटातली वाशी (ही पेणची वाशी, रेल्वे स्टेशन आणि मॉल असलेली ती वेगळी) उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत आली आहे. विहिरी खोल कराव्यात तर पाणी आणखी खारे लागते. त्यातच उन्हाने जमिनीतली ओल वर ओढली जाते, पाणी उडून जाते आणि मीठ वर उरते. मार्च सरता सरता वाफ्यावर पांढरी साय धरते आणि वांग्याची पाने कडेने करपू लागतात. वांग्याला मीठ लागते ते भाजी करताना. खाऱ्या जमिनीला स्वयंपाकाचा क्रम ठाऊक नसतो.

म्हणून झाडांना ताजे पाणी घालणे हा इथे उधळेपणा समजला जातो. घरात आलेला हंडा निदान दोनदा कामाला यावा असा दंडक आहे आणि कोणते पाणी कोणाच्या वाट्याचे हे ठरलेले आहे. तांदळाचे धुवण मिरचीला. भाजी धुतलेले पाणी कोथिंबिरीला. मासळी धुतलेले पाणी शेवग्याला, आणि ते नेताना मांजर शेवग्यापर्यंत सोबत करते. कढीपत्त्याला आंबट झालेले ताक. न्हाणीचे पाणी चर काढून केळीकडे आणि अळवाकडे सोडलेले असते, त्यामुळे घरी किती पाहुणे उतरले आहेत हे अळवाच्या पानांच्या रुंदीवरून सांगता येते. पूर्वी भांडी राखेने घासत तेव्हा ते पाणीही दोडक्याला चालायचे. आता भांड्यांच्या साबणाचे पाणी कोणाला घालावे यावर घराघरांत मतभेद आहेत आणि तूर्त ते शेजाऱ्याच्या हद्दीकडे जाते. तुळशीला मात्र घागरीतले पहिले, न वापरलेले पाणी मिळते, तेही घालणाऱ्याने आंघोळ करून. सर्वांत कमी तहान तिचीच असते, पण या वाटपावर काकडीने अजून हरकत घेतलेली नाही.

घराजवळ तळे असते. ते पावसाचे गोडे पाणी साठवायला खणलेले असते असे कागदोपत्री म्हणता येईल; पण त्यात जिताडा सोडला की तळ्याचे हेतू बदलतात. जिताडा हा रायगडचा मानाचा मासा. खाडीतली पिल्ले आणून तळ्यात वाढवण्याची चाल जुनी आहे. कचेरीत अडलेले काम जिताड्याने सुटते अशी त्याची ख्याती होती. ती पूर्वीची की आताचीही, याचे उत्तर विचारणाऱ्याचा हुद्दा पाहून मिळते. चैत्रात तळे गुडघ्यावर येते. अशा वेळी घरधनीण वांग्यांसाठी दोन कळश्या पाणी काढायला जाते आणि बांधावरून आवाज येतो.

"त्यातलं पाणी नको काढूस."

"दोन कळशांनी काय मासा मरतोय?"

"तो मासा सायबांना सांगितलाय."

वांगी त्या वर्षी न्हाणीवर वाढतात.

खताचा विषय अर्थशास्त्रात मोडतो. दावणीची गुरे कमी झाली, नांगराच्या जागी पॉवर टिलर आला. पण शेणाची मागणी घटली नाही. अंगण सारवायला शेण हवे, गोवऱ्या थापायला हवे, आणि रोह्याकडच्या वरकस जमिनीत राब भाजायलाही हवे. भाताचे रोप जिथे करायचे त्या जागेवर शेण, कवळ, पालापाचोळा पसरून वर माती टाकायची आणि उन्हाळ्यात तो थर जाळायचा, याला राब म्हणतात. या सगळ्यांतून उरले तर परसाला. म्हणजे परसाला अंदाजपत्रकात तरतूद असते, प्रत्यक्षात रक्कम मिळत नाही. रोह्याशी ज्यांचे नाते होते ते चिंतामणराव देशमुख १९५० ते १९५६ देशाचे अर्थमंत्री होते आणि बागकामाचेही शौकीन होते. एका गाईच्या शेणात चार खाती कशी भागवावीत यावर त्यांच्याइतका अधिकारी माणूस दुसरा झाला नसता. अलिबाग तालुक्यात थळला युरियाचा मोठा कारखाना आहे. पण वयस्कर बायकांचा पांढऱ्या खतावर विश्वास नाही, आणि मिरचीपुरता तो अविश्वास योग्यच आहे, कारण जास्त युरिया खाल्लेली मिरची नुसती पानांवर जाते. गोणीबद्दल मात्र कोणाची तक्रार नाही. रिकामी गोण वाल भरायला, मोटर झाकायला, पाय पुसायला आणि पावसात डोक्यावर घ्यायला चालते. काही घरांत युरियाची खरेदी गोणी संपल्या म्हणून होते.

बियाण्याचे दोन पंथ आहेत. एक गावठी बियाण्याचा. हे बी चुलीवरच्या फळीवर राखेत ठेवलेले, जुन्या दंतमंजनाच्या डबीत, वर काही न लिहिलेले. दुसरा पेणच्या बाजारातून आणलेल्या पाकिटांचा. पाकिटावर अशा भेंडीचे चित्र असते, की ती पाहून घरच्या भेंडीला न्यूनगंड यावा. दापोलीच्या कृषी विद्यापीठानेही कोकणच्या हवेला मानवतील असे वाण काढले आहेत: कारल्याचा कोकण तारा, शिराळ्याचा कोकण हरिता, पडवळाचा कोकण श्वेता, काकडीचा शीतल. नावे लग्नपत्रिकेत शोभतील अशी आहेत आणि वेलही लाडाने वाढतात. तरी आजीचा कौल गावठीलाच. पेण तालुक्यातल्या बावीस गावांनी २००८ च्या सप्टेंबरात सेझला (विशेष आर्थिक क्षेत्राला) जमीन द्यावी की नाही यावर रीतसर मतदान केले. एका घरातल्या भेंडीच्या वाफ्यावर असे मतदान घेतले तर निकाल लागणार नाही. व्यवहारात तोड अशी निघते, की मुलगा पाकिटातले बी पेरतो, आजी त्याच वाफ्यात रात्री गावठी टाकते, आणि आलेल्या भेंडीचे श्रेय दोघेही घेतात.

हंगामातले पहिले पीक वाल. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर तो येतो, वरून पाणी घालावे लागत नाही. त्याच्या लोकप्रियतेचे खरे कारण हे. चवीचा क्रमांक नंतर. पौष-माघात शेंगा भरल्या की संध्याकाळी माळरानावर धूर दिसू लागतात आणि पोपटी सुरू झाल्याचे कळते.

पोपटी ही रायगडची स्वतंत्र विद्या आहे. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालतात. बांधावर आपोआप उगवणाऱ्या या उग्र वासाच्या रानाला एरवी कोणी विचारत नाही. त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडे मीठ. मध्ये अंडी, बटाटे, मसाला चोळून पानांत बांधलेले कोंबडीचे तुकडे. वर पुन्हा शेंगा. तोंड पाल्याने गच्च बंद करायचे, मडके जमिनीवर उपडे ठेवायचे आणि भोवती पेंढा, फाटी रचून जाळ करायचा. आत पाण्याचा थेंब नसतो. शेंगा आपल्याच ओलीवर शिजतात. मडके तापले की नाही हे पाहायला त्यावर पाणी शिंपडतात. चर्र होऊन थेंब क्षणात उडाला तर पोपटी झाली. जाळाभोवती उभे असलेले सगळे जाणकार असतात. निम्मे म्हणतात जाळ कमी आहे, निम्मे म्हणतात करपणार, आणि मडके मधल्यामध्ये आपले काम उरकते. शाकाहारी पाहुणा आला तर त्याला अगत्याने वरच्या थरातल्या शेंगा देतात. मडके अर्धा तास उपडे होते, म्हणजे कोंबडीचा सगळा रस याच थरात उतरला आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. तोही शेंगांना चव फार छान आली आहे असे म्हणून आणखी मागून घेतो. शेंगा कोणाच्या शेतातल्या हा प्रश्न पोपटीच्या ठिकाणी विचारणे असभ्य समजतात.

या सगळ्यातून जे वाल वाचतात ते फाल्गुनात सुकवून, झोडून बिरड्यासाठी ठेवतात. बिरड्याचे वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे आणि मग एकेक दाणा सोलायचा. हे काम संपत नाही. म्हणून त्या वेळी दारात आलेल्या माणसाला आधी पाणी, मग परात दिली जाते.

खाडीपलीकडे, अलिबागच्या गोड्या जमिनीत पांढरा कांदा होतो. कार्ले, खंडाळे, नेहुली ही त्याची मुख्य गावे. भातानंतर रोपे लावतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये कांदा काढतात, आणि पातीसकट सुकवून बायका त्याच्या वेण्या घालून माळा करतात. तिखट कमी, गोडी जास्त. २०२१-२२ च्या सुमारास त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. मानांकन मिळाल्याचा पहिला परिणाम असा झाला, की रस्त्याच्या कडेला मिळणारा कुठलाही पांढरा कांदा अलिबागचा झाला. वडखळच्या बाजूला माळा टांगून बसलेल्या बायकांपुढे मुंबईची गाडी थांबते, काच अर्धी खाली होते आणि आतून विचारणा होते, "ओरिजिनल आहे ना?" या प्रश्नाला नाही असे उत्तर आजवर कोणत्याही बाजारात मिळालेले नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचे रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झाले तेव्हापासून कांद्यावर धूळ बसण्याची हमी मात्र पक्की आहे.

आता कुंपण. इथे त्याला वई म्हणतात. निर्गुडी, एरंड, गिरिपुष्प यांच्या फांद्या, बांबूच्या काठ्या आणि बाभळीचे काटे यांची वई माघात मोठ्या निगुतीने उभी राहते आणि फाल्गुनी पौर्णिमेपर्यंत टिकते. शिमग्यात होळीसाठी लाकूडफाटा पळवणे हा गावातल्या पोरांचा परंपरागत अधिकार आहे आणि परसाची वई म्हणजे रचून, सुकवून, मोजून ठेवलेला फाटाच. सकाळी परस उघडा पडलेला दिसतो. ज्याची वई गेली त्याला रागावता येत नाही, कारण होळीला नैवेद्य घेऊन तोही गेलेला असतो आणि आपल्याच काठ्यांची ऊब त्याने घेतलेली असते.

दुसरी वई साड्यांची. जुन्या साड्या खुंटांना ताणून बांधल्या की परसाला चारी बाजूंनी भिंत होते. वारा आला की पदर हलतात, म्हणून रानडुक्कर बिचकते असे मानतात. डुकराच्या मनात काय येते हे तपासलेले नाही. परंतु घरातल्या कोणत्या सुनेची कोणती साडी कुंपणाला लागली यावरून माणसांच्या मनात जे येते ते बरेच दिवस टिकते. माहेरची साडी वईला बांधल्याचे प्रकरण पुढच्या शिमग्यापर्यंत निघत राहते.

वई कशासाठी, तर शत्रूंसाठी. त्यांत अग्रमान शेजारणीच्या कोंबडीचा. वाफा खणून, माती भुसभुशीत करून, मेथी टाकून माणूस हात धुवायला गेला, की कोंबडी येते. दिवसभर ती कुठे असते हे शेजारीणही सांगू शकत नाही, पण ताजा वाफा तिला दोन वाड्या पलीकडून कळतो. ती आधी मान तिरकी करून वाफ्याची पाहणी करते, उजव्या पायाने एकदा, डाव्या पायाने दोनदा उकरते, मागे सरून पाहते, आणि मग कामाला लागते. दाणे टिपून झाले की त्याच भुसभुशीत मातीत पंख पसरून धुळीची आंघोळ करते. हाकलले तर ओरडत सरळ आपल्या घरी जाते आणि छळ झाल्याची फिर्याद अशा सुरात नोंदवते, की शेजारीण भांडायला आयतीच बाहेर येते. यावर कायमचा तोडगा एकच माहीत आहे आणि तो पोपटीच्या मडक्यात जातो. पण त्याने शेजार राहत नाही.

भात निघाल्यावर गुरे मोकळी सोडण्याची रीत जुनी. सगळ्यांची शेते रिकामी असताना ती योग्यच होती. आता ज्याने वाल किंवा भाजी केली त्याचे शेत हे गावातल्या गुरांची एकमेव हिरवी खानावळ ठरते. डोंगराकडच्या बाजूला काळतोंडी वानरे येतात. खाडीपलीकडच्या चरी गावातल्या आणि आसपासच्या कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध संप केला, जमिनी पडीक ठेवल्या, हाल सोसले, पण माघार घेतली नाही. त्याच मुलखातली नातवंडे रोज सकाळी अकराच्या सुमारास वानरांपुढे माघार घेतात. गलोल, फटाके, पत्र्याचा डबा, कुत्रा हे उपाय क्रमाने होतात. फटाक्याला वानर दोन दिवस घाबरते. तिसऱ्या दिवशी ते आवाज झाल्यावर वळून कोणी काय पेटवले ते पाहते. कुत्रा पहिल्या दिवसापासून पडवीत झोपतो.

बुजगावणे अजून उभे राहते, पण त्याला स्पर्धा आली आहे ती फलकांची. निवडणूक किंवा वाढदिवस उलटला की फ्लेक्स उतरतात आणि परसात स्थायिक होतात. कोणाच्या गोठ्याचे छप्पर, कोणाच्या कांद्याचे आच्छादन. काकडीच्या मांडवाखालून हात जोडून हसणारे नेतृत्व पाहून पाखरे बुजत नाहीत. बरीचशी त्याच्याच खांद्यावर बसतात.

परसाच्या कारभारात अधिकार आणि श्रम यांची वाटणी सरळ आहे. आजी ठरवते, सून करते, आणि पुरुष मोटर चालू करतो. घरातला तरुण डोलवीच्या कारखान्यात किंवा बंदरावर कंत्राटी कामाला असेल तर बागेचे वेळापत्रक पाळीप्रमाणे चालते. रात्रपाळी असेल त्या आठवड्यात दोडक्याला भर दुपारी पाणी मिळते. आजोबा शेतीविषयक मोबाइल व्हिडिओ पाहतात आणि घाटावरच्या ठिबक सिंचनाबद्दल सांगतात. ते सांगत असताना नळी कुठे फुटली आहे हे सून पाहून येते.

याच दिवसांत अंगणाचा ताबा वाळवणाकडे जातो. पेणचे पोह्याचे पापड प्रसिद्ध आहेत. ते, कुरडया, मिरच्या, सुकट, वाल, सगळे एकाच उन्हात, चटयांच्या हद्दी सांभाळून पसरलेले असते. राखणीला वार्षिक परीक्षेचा विद्यार्थी बसवतात. तो वाचत असतो असे घर मानते, तो राखतो असे पापड मानतात, आणि कावळ्याला खरी परिस्थिती माहीत असते.

यातूनही पीक येतेच. आणि आले की एकदम येते. फेब्रुवारीभर एका भेंडीची वाट पाहिलेल्या घरात एप्रिलमध्ये शिराळी खाऊन खाऊन माणसे गप्प होतात. विकायला नेण्याइतके नसते, संपवण्याइतके कमी नसते. मग वाटे निघतात. शेजारणीला (कोंबडी असूनही), लेकीला, रिक्षावाल्याला, पोस्टमनला. ज्याला शिराळी देतात तो बदल्यात शिराळीच देतो, कारण त्याच्याकडेही तीच असतात. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ आणि पन्हे होते तोवर आंबा निर्विवाद असतो. पाडाला लागला की सातबाऱ्यावरची ठाणे-डोंबिवलीची नावे सहकुटुंब प्रकट होतात आणि तुडतुडे, भुरी, ढगाळ हवा यांतून वाचलेल्या फळांची मोजणी ओटीवर होते. फवारणीचा खर्च त्या मोजणीत काढायचा नसतो.

शेजारच्या वाडीत फार्महाऊस असते. त्याचे मालक शनिवारी येतात. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट बोटीने येता येते, त्यामुळे ते ताजेतवाने येतात. त्यांच्या बागेत गवत लावलेले असते. पावसाळ्याचे चार महिने गवत काढण्यात ज्याची हाडे झिजली त्या गड्याला उन्हाळ्यात टँकर मागवून गवताला पाणी घालायचे काम असते, आणि ते तो चेहऱ्यावरची रेषा न हलवता करतो. मालकीणबाई कुंपणापलीकडून विचारतात, "मावशी, तुमचं सगळं ऑरगॅनिक ना?" मावशी हो म्हणतात. खत परवडत नसल्याने त्यांचे सगळे गेली कित्येक वर्षे ऑरगॅनिकच आहे. त्या दिवशी शिराळ्यांना भाव मिळतो.

वैशाख सरत आला की आगोटीची घाई सुरू होते. पावसाळ्याचे चार महिने पुरतील एवढे सुके बोंबील, मीठ, मसाला, फाटी, वाल भरायचे. कांद्याच्या माळा आढ्याला टांगायच्या. उरलीसुरली वई मोडून सरपणात जाते, साड्या धुऊन पुन्हा घड्या होतात. बी धरलेली शिराळी, दुधी चुलीवर लटकतात. या खेपेला डबीवर नाव लिहायचे असे ठरते आणि पेन सापडत नाही. मग मृग लागतो, माणसे भाताकडे वळतात आणि परसाकडे कोणी बघत नाही.

त्याच सुमारास उकिरड्यावर भोपळ्याचा वेल उगवतो. तो कोणी लावलेला नसतो, त्याला कोणी पाणी घातलेले नसते, आणि शेजारणीची कोंबडीही त्याच्या वाटेला जात नाही. श्रावणात तो कौलांवर चढतो आणि पहिला भोपळा शेजाऱ्याच्या पत्र्यावर धरतो. मूळ इकडे आणि फळ तिकडे, त्यामुळे मालकीचा वाद महिनाभर चालतो. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे काही खायचे नसते, परसातल्या भाज्यांवर भागवायचे असते, आणि त्या भाजीत लाल भोपळा लागतोच. आदल्या दिवशी शिडी लावून तो उतरवतात, विळीवर दोन फोडी करतात, आणि बिया कोणी ठेवायच्या यावर नवा वाद सुरू होतो.